केनियाला जायचं ठरलं तर

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. तालुक्याला जायला एसटी वेळेवर मिळत नाही आणि या बाया आफ्रिकेच्या गोष्टी सांगतात, असं म्हणतील. पण दिवस बदलले आहेत. कुणाचा मुलगा नैरोबीत कंपनीत लागलाय, कुणाची लेक तिथं बाळंत व्हायची आहे, कुठल्या शेतकरी कंपनीचा अभ्यासदौरा निघतोय. गटातल्या बाया विचारतात की जायचं तर काय न्यायचं, काय जपायचं, आणि तिथं सिंह रस्त्यावर फिरतात का? म्हणून आज केनिया.

सिंहाचं आधी सांगून टाकतो. रस्त्यावर फिरत नाहीत. पण नैरोबी शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ साली केलेलं. तिथं जिराफ चरतो आणि त्याच्या पाठीमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात.

आता कागदपत्रं. आपल्या बायकांचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि बँकेत तिसरंच. पासपोर्टवर जे नाव असेल तेच तिकिटावर हवं, अक्षर न अक्षर. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. ज्या नावाचे कागद पक्के असतील त्या नावाने काढा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही चांगले सहा महिने चालणारा असावा. जिची दहावी झालेली नाही तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का किंवा नोंद येऊ शकते. ती बघून काही जणी घाबरतात आणि गावातला कुणी एजंट त्या भीतीवर पैसे काढतो. ती अट काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्या देशांत केनिया नाही. फिरायला किंवा लेकीकडे जाणारीला ती आडवी येत नाही.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला. त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. फी तीस डॉलरच्या थोडी वर जाते. अर्ज केनिया सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करायचा. तशाच नावाची दुसरी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. घरातल्या कॉलेजच्या पोरीला बसवा आणि शेजारी बसून स्वतः बघा.

यापुढचं मात्र कान देऊन ऐका, कारण हे बहुतेक जणींना कुणी सांगतच नाही. केनियातून परत येताना भारत सरकार पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतं. पिवळा ताप म्हणजे आपली कावीळ नव्हे. तो डासातून पसरणारा वेगळा आजार आहे. आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत तो आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा डास आपल्या घराघरात आहे, डेंग्यूचाच डास. एखादा आजारी माणूस इकडे आला आणि त्याला हा डास चावला, तर हा ताप इथं पसरायला वेळ लागणार नाही. म्हणून सरकार याबाबत कडक आहे. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मुलगा बाहेर गाडी घेऊन उभा आणि आई आत अडकलेली, अशी गत होते.

ही लस गावच्या आरोग्य केंद्रात किंवा कुठल्याही खासगी दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते, तीही ठरलेल्या वारी आणि आधी नाव नोंदवून. जाताना पासपोर्ट न्यावा लागतो, कारण पासपोर्टचा नंबर त्या पिवळ्या पुस्तिकेवर लिहितात. म्हणजे आधी पासपोर्ट, मग लस. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तिकीट उद्याचं आणि लस आजची, असं चालत नाही. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे तो दाखला आयुष्यभर चालतो. पुस्तिका पासपोर्टसारखीच जपा.

ही जिवंत लस आहे. पोटुशी बाई, अंड्याची जोरात ॲलर्जी असणारी, कर्करोगाचे उपचार चालू असणारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असणारी, यांनी डॉक्टरांना आधी सगळं सांगायचं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती सहसा देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांना पहिल्यांदाच देताना डॉक्टर विचार करतात, कारण त्या वयात त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या कितीतरी आया याच वयाच्या असतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं. तब्येतीमुळे लस देता येत नाही असं पत्र मिळालं, तरी परतताना काय होईल ते त्या केंद्रावरच विचारून घ्या.

मलेरियाची गोष्ट वेगळी. नैरोबी उंचावर आहे, सतराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथं मलेरिया फारसा नाही. पण मोंबासाची किनारपट्टी, व्हिक्टोरिया सरोवराकडचा भाग आणि जंगलांचे बरेच प्रदेश इथं तो आहे, आणि तो मेंदूवर जाणारा प्रकार आहे. त्यासाठी जाण्याआधीपासून परत आल्यावरही काही दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. कोणत्या ते डॉक्टर ठरवतील. घरात पडलेल्या क्लोरोक्विनच्या जुन्या गोळ्या तिथल्या मलेरियाला लागू पडत नाहीत. संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि झोपताना मच्छरदाणी.

कपड्यांचं बोलू. आफ्रिका म्हणजे भाजून काढणारं ऊन, असं आपल्या डोक्यात असतं. देश विषुववृत्तावर आहे हे खरं. पण बरीचशी जमीन उंचावर आहे. जून ते ऑगस्ट नैरोबीत स्वेटर लागतो. मसाई मारामध्ये पहाटे साडेसहाला उघड्या टपाच्या गाडीत उभं राहिलं की दात वाजतात. दुपारी मात्र ऊन चटके देतं. मोंबासाला आपल्या रत्नागिरीसारखा दमट घामटा. म्हणून एकावर एक घालता येतील असे सुती कपडे, एक शाल, एक टोपी. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत लहान पाऊस. अभ्यासदौरा आखणाऱ्यांनी मोठा पाऊस टाळावा, कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुततात.

सफारीच्या गाडीची पायरी उंच असते आणि टप उघडलं की सीटवर उभं राहून बघायचं असतं. तिथं सहावारी पायात येते. सलवार-कमीज सोयीची. आणि गंमत म्हणजे काष्ट्याची नऊवारी नेसणाऱ्या आजी या कामात सुनांपेक्षा चपळ ठरतील. गर्द निळा आणि काळा रंग जंगलात नको. त्से-त्से नावाची चावरी माशी असते, तिला हे रंग ओढून घेतात. लष्करी छापाचे कपडे घालू नका, पोलीस हटकतात. सोनं घरी ठेवा. नैरोबीच्या गर्दीत गळ्यातलं आणि हातातला मोबाइल ओढून नेतात. नुसते काळे मणी घालून जा.

खाऊ बांधताना एक लक्षात ठेवा. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि ती कागदावरची बंदी नाही. दंड लाखांत आहे आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. चिवडा, लाडू, मेतकूट हे डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. कपड्यांच्या घड्याही कॅरीबॅगेत घालून नेऊ नका. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. स्टीलची बाटली न्या, मुक्कामी शुद्ध पाणी भरून देतात. आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहेच म्हणा. बाजारात किती पाळली जाते ते आपण सगळ्या बघतोच.

नैरोबीहून मसाई मारा गाडीने पाच-सहा तास. वाटेत नारोक गाव लागतं, शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा. आता हे बोलायला लाज कशाला? लांबच्या प्रवासात बाया पाणीच पित नाहीत, लघवीला कुठं जायचं म्हणून. मग दोन दिवसांत जळजळ सुरू होते. पाणी प्या आणि निघायच्या आधीच ड्रायव्हरला सांगा की दर दोन तासांनी थांबायचं. एकदा उद्यानात शिरलं की झाडामागे जाता येत नाही, कारण त्या झाडामागे आधीच कुणीतरी बसलेलं असू शकतं. शौचालयाला स्वाहिलीत ‘चो’ म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा. पाळीचं सामान इथूनच पुरेसं न्या.

तिकडचा हत्ती आपल्या हत्तीपेक्षा थोराड, कान सुपासारखे मोठे, आणि सुळे माद्यांनाही असतात. कळपाची कारभारीण म्हातारी हत्तीण असते. कुठल्या दुष्काळात कुठे पाणी होतं हे तिच्या डोक्यात असतं आणि बाकीच्या तिच्या मागून चालतात. हे बघायचं तर अंबोसेली. तिथून किलिमांजारोचा बर्फाचा माथा दिसतो, डोंगर मात्र टांझानियात आहे. मसाई मारामध्ये साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीतून येतात. अंगाने नीलगाईसारखा, शिंगांनी म्हशीसारखा असा हा प्राणी, दहा लाखांहून जास्त. मारा नदी ओलांडताना मगरी टपून असतात. याच काळात गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. २०२४ पासून माराचं प्रवेश शुल्क परदेशी माणसाला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. सहल विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की यात उद्यानाचं शुल्क धरलंय का? ‘सगळं धरून’ म्हणणाऱ्याकडून ते लिहून घ्या. वाघ दाखवू म्हणाला तर उठून या. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही.

गाडीतून उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, ओरडायचं नाही, खायला टाकायचं नाही. सिंहाला गाडी म्हणजे एक मोठी वस्तू वाटते. त्यातून माणूस खाली उतरला की त्याला भक्ष्य दिसतं. जवळ चला म्हणून ड्रायव्हरचा पिच्छा पुरवू नका. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा माराचा नियम आहे. पर्यटक जास्त बक्षिसी देतात म्हणून ड्रायव्हर तो मोडतात आणि त्या गर्दीत चित्त्याची शिकार हातची जाते. मागे पिलं उपाशी राहतात. आमचं मत विचाराल तर लांबून, दुर्बिणीने, निवांत बघण्यात जास्त मजा आहे.

सिंहापेक्षा पाणघोड्याला भ्या. दिसायला गरीब, डुलत चालणारा. दिवसभर पाण्यात असतो आणि रात्री गवत खायला काठावर येतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला तर तो थेट अंगावर धावतो. नैवाशा सरोवराकाठी मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर राखणदाराशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही. तंबूची चेन नेहमी बंद ठेवा. माकडं आणि बबून आपल्या देवस्थानांवरच्या माकडांसारखीच आहेत, हातातली पिशवी नेतात.

जनावरांशेजारी राहणारा शेतकरी तिथंही रडतो. मका उभा असताना हत्ती रात्रीत शेत झोपवतात. त्सावोजवळ सागल्ला भागात शेताभोवती तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या आहेत. हत्तीने तार हलवली की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि हत्ती मागे फिरतो. वर मध मिळतो, तो बाया विकतात. अभ्यासदौऱ्याला जाणाऱ्यांनी एक दिवस सिंहाचा कमी करावा आणि हे बघून यावं. गडचिरोलीत आता हत्ती आले आहेत, तिथल्या बायांना हे ऐकायला आवडेल.

खाण्याची काळजी करू नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, आपल्या उकडीच्या बहिणीसारखं. त्याबरोबर सुकुमा विकी नावाची पालेभाजी. चपाती तिथं चपातीच आहे आणि तिच्याबरोबर ‘न्डेंगू’ म्हणजे मुगाचा रस्सा मिळतो. गिथेरी म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही. हे सांगूनही रस्सा मटणाच्या पाण्यातला नाही ना, ते विचारून घ्या. चहा म्हणजे ‘चाय’, पैसे म्हणजे ‘पेसा’, गाडी म्हणजे ‘गारी’, दुकान म्हणजे ‘दुका’, विमा म्हणजे ‘बीमा’, लाख म्हणजे ‘लाकी’. शेकडो वर्षं गलबतं जात-येत होती, त्याची ही खूण. विमा म्हटल्यावर आठवलं, प्रवासाचा विमा काढा आणि त्यात जंगलातून विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. तिथं १९५७ पासून विमानाने जाणारे डॉक्टर आहेत, पण विमा नसेल तर बिल झेपायचं नाही.

वेळेची एक गंमत आहे, आणि तिच्यामुळे बस चुकू शकते. स्वाहिली बोलणारा माणूस तास सूर्योदयापासून मोजतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. विषुववृत्तावर बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि मावळतो, म्हणून हे मोजमाप त्यांना सरळ पडतं. इंग्रजीत बोलताना ते घड्याळाचीच वेळ सांगतात. पण गावात कुणी दोनला या म्हटलं तर बोटाने आभाळ दाखवून विचारा, सूर्य कुठं असताना? आपल्या घड्याळापेक्षा केनिया अडीच तास मागे आहे.

शहरात फिरायला मटाटू असतात, म्हणजे आपलं वडापच, फक्त गाणी जास्त मोठ्याने. रात्री त्यातून आणि मोटारसायकलवरून जाऊ नका. पैशाचे व्यवहार एम-पेसाने होतात. २००७ साली सुरू झालेली ही मोबाइलवरची सोय, आपल्याकडे हे सगळं यायच्या कितीतरी आधीची. भाजीवालीही त्यावर पैसे घेते. नोटा सुट्ट्या ठेवा. पोलीस, सैन्य, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. माणसांचे काढायचे तर विचारून. मसाई बाईच्या गळ्यातले मणी कितीही सुंदर असले तरी ती काही जत्रेतलं चित्र नव्हे.

इकडून माणसं तिकडे जाणं आजचं नाही. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून रेल्वे टाकली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. अडीच हजारांच्या आसपास मेले. १८९८ साली त्सावोला दोन सिंहांनी त्यांच्या तंबूंतून माणसं ओढून नेली. गोव्याची माणसंही तेव्हाच गेली, कारकून, शिंपी, आचारी म्हणून. नैरोबीतले सुरुवातीचे एक डॉक्टर, रोझेंडो रिबेरो, गोव्याचेच. ते रोग्यांकडे झेब्र्यावर बसून जात. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले पियो गामा पिंटो हेही गोवेकर आईबापांचे, १९६५ साली त्यांचा खून झाला. २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. नैरोबीत मराठी कुटुंबंही आहेत, लेक-जावयाला विचारलं तर गणपतीला कुठं जमतात ते कळेल.

आणि गटाच्या बायांनी तिथल्या गटाच्या बायांना भेटल्याशिवाय येऊ नये. त्यांच्या गटाला ‘चामा’ म्हणतात. दर आठवड्याला पैसे जमवायचे आणि पाळीपाळीने एकीला द्यायचे, आपली भिशीच. वांगारी मथाई यांनी १९७७ साली अशाच बायांना धरून झाडं लावायला सुरुवात केली. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला थोडे पैसे मिळत. नुसतं लावलेल्या नव्हे, जगलेल्या. पाच कोटींवर झाडं झाली आणि २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सांबुरू भागात उमोजा नावाचं गाव आहे, १९९० मध्ये अत्याचाराला कंटाळून घर सोडलेल्या बायांनी वसवलेलं. तिथं पुरुष राहत नाहीत. बाया मण्यांचे दागिने करून विकतात आणि आलेल्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतात. घासाघीस जरा बेताने करा. आपल्या पापडाची कुणी केली तर आपल्याला कसं वाटतं?

येताना काय आणायचं? मणी, विणलेल्या टोपल्या, चहापत्ती, कॉफी. हस्तिदंत, कातडं, शिंग, पिसं, समुद्रातले शंख आणि पोवळी यांना हातसुद्धा लावायचा नाही, रस्त्यावर स्वस्तात मिळाली तरी. तिथं १९७७ पासून शिकार बंद आहे. २०१६ साली सरकारने शंभर टनांवर हस्तिदंत पेटवून दिलं, विकलं नाही. आपल्या बायांना दुसराच मोह होतो, बियाण्याचा. तिकडचा पांढरा मका, तिकडचा घेवडा, मूठभर पदरात बांधून आणावा असं वाटतं. परवान्याशिवाय बी किंवा रोप आणायला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. नव्या किडी आणि रोग अशाच मुठीतून शिवारात येतात.

मुंबईला उतरल्यावर पिवळी पुस्तिका हातातच ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्या म्हणून मध्येच सोडू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर अंगावर काढायचा नाही आणि मेडिकलमधून गोळी आणून भागवायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच आधी सांगायचं, मी केनियाला जाऊन आले आहे, माझं रक्त मलेरियासाठी तपासा.